रुसलेला कापूस

आमच्या घरात थंडी आधी कापसाला कळायची, मग माणसांना. घोडनदीवरून येणारा वारा कोरडा झाला की पिंजून ठेवलेला कापूस ढिगात निवांत पडून राहायचा नाही. त्याचे तंतू उभे राहायचे, एकमेकांशी फटकून वागायचे, आणि जवळून कुणी गेलं की त्याच्या बाहीला, दाढीला, ओढणीला जाऊन बिलगायचे. अब्बा म्हणायचे, कापूस रुसला. आम्ही पिंजारी. शिरूरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर आणि पुढे पडवीवजा दुकान. गाद्या, उशा, रजया भरून द्यायच्या हाच धंदा. गल्लीत बाकी सगळीकडे रेडिओ वाजायचा, आमच्याकडे धनुकली वाजायची. आढ्याला दोरीने टांगलेलं ते माणसाएवढं धनुष्य, त्याची ताणलेली तात आणि तिच्यावर अब्बांच्या हातातल्या लाकडी दस्त्याचा ठोका. तुण्ण, तुण्ण, आणि मग लांबत जाणारा घुमारा. मी त्या आवाजात झोपले, त्या आवाजातच पाढे पाठ केले. तोवर तालुक्यात पिंजायची मशिनं आली होती, पण अब्बांनी काही मशीन आणलं नाही. मशीन कापसाला मारतं, ते म्हणायचे, धनुकली त्याला समजावते.

कापूस आमच्या घरात कुठे नसायचा ते विचारा. भांड्यांच्या फळीवर, कंदिलाच्या काचेवर, अम्मीच्या भुवयांवर. दर शुक्रवारी खिचडी आणि चिंचेचा खट्टा असायचा. ताटात वाढलेल्या त्या पिवळ्या खिचडीवर एखादा पांढरा तंतू अलगद येऊन बसायचाच. पाहुणे तो चिमटीत धरून बाजूला काढायचे, आम्ही घासाबरोबर गिळायचो. नसीमआपा म्हणायची, आपण मेल्यावर आपल्या पोटातून एकेक उशी निघेल. अम्मी तिला दटावायची आणि पदराआड हसायची. बाजरीच्या भाकरीवर अम्मी तीळ थापायची, चुलीचा धूर कापसाच्या धुळीत मिसळायचा आणि खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप त्यामुळे इतकी दाट दिसायची की तिला हात लावावासा वाटे. घरात आम्ही अर्धी दखनी आणि अर्धी मराठी बोलायचो. एकाच वाक्यात दोन्ही. इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे, कारण शाळेत लिहायला तीच शिकले आणि आता आठवायलाही तीच सोपी जाते.

नसीमआपा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिचे केस कमरेखाली जायचे. सकाळी उन्हात बसून ती प्लॅस्टिकच्या कंगव्याने ते विंचरायला लागली की चटचट आवाज व्हायचा आणि केस कंगव्याच्या मागे मागे हवेत उठायचे. त्या कंगव्यावरून आमचा एक खेळ निघाला होता. ताजा विंचरलेला कंगवा कापसाच्या एका बारीक पुंजक्याजवळ न्यायचा. पुंजका झेप घेऊन त्याला चिकटायचा, क्षणभर तिथे थांबायचा आणि मग काय मनात येई कोण जाणे, उडून लांब पळायचा. आता कंगवा त्याच्या खाली धरायचा. तो खाली यायला बघायचा, कंगवा त्याला येऊ द्यायचा नाही. अशा रीतीने पुंजक्याला कशाचाही स्पर्श न होऊ देता दुकानाच्या उंबऱ्यापासून परसातल्या मोरीपर्यंत चालवत न्यायचं. मी चुलीपर्यंत पोचायचे आणि तिथल्या ऊन हवेत माझा पुंजका भरकटायचा. आपा मात्र श्वास रोखून, पाय न वाजवता त्याला परसात नेऊन सोडायची. तिच्या कंगव्याच्या वर तरंगणारा तो पांढरा ठिपका आणि त्याच्याकडे लागलेले तिचे डोळे, एवढं आठवलं की मला आजही घर आठवायला दुसरं काही लागत नाही.

या खेळामागचं खरं कारण मला अकरावीत कळलं. आमच्या घरातून कॉलेजात सायन्सला जाणारी मी पहिलीच, आणि त्याचा मला किती माज होता ते आता लिहायला लाज वाटत नाही. फिजिक्सच्या सरांनी रेशमी दोऱ्यांना भेंडाच्या दोन गोळ्या टांगल्या, घासलेली कांडी दोन्हींना लावली आणि गोळ्या एकमेकींपासून दूर सरकल्या, तशाच तिरक्या लटकत राहिल्या. सारखा विद्युतभार एकमेकाला ढकलतो, विरुद्ध भार ओढतो, आणि ज्याच्यावर भारच नाही अशी वस्तूही भारित वस्तूकडे ओढली जाते. अंतर दुप्पट झालं की बल निम्मं नाही, चौथाई होतं. हा नियम कुणा फ्रेंच माणसाने तारेला पीळ देऊन मोजला म्हणे. मी बाकावर बसून अब्बांच्या दाढीतला कापूस आठवत होते. म्हणजे तो रुसत नव्हता तर. धनुकलीशी घासून त्याच्यावर भार येत होता. सगळ्या तंतूंवर सारखाच, म्हणून ते एकमेकांना जवळ येऊ देत नव्हते, आणि अब्बांच्या दाढीवर भार नव्हता म्हणून तिथे जाऊन बसत होते. सर शेवटी म्हणाले, हे प्रयोग हिवाळ्यातच करायचे, हवा दमट असली की भार टिकत नाही. मी वहीत ते वाक्य दोनदा अधोरेखित केलं. घरी येऊन अब्बांना सांगितलं तर ते म्हणाले, असंल, पण रुसतोय ते खरंच हाय.

त्याच हिवाळ्यात आपाचं लग्न ठरलं. मुलगा दौंडचा, रेल्वेत कामाला. माणसं चांगली, पण जरा नव्या चालीची. आमच्या पिंजाऱ्यांत एक रीत आहे, निदान आमच्या घराण्यात तरी होती: लेकीच्या लग्नातली रजई बापाने स्वतःच्या हाताने पिंजायची, दुसऱ्याचा हात त्या कापसाला लावायचा नाही. अम्मीच्या रजईला माझ्या नानांचा हात होता आणि ती तेवीस वर्षं तशीच फुगलेली होती. आपाच्या सासूबाईंनी निरोप धाडला, की रजई हलकी हवी, हल्ली तो नायलॉनचा कापूस निघालाय तो मिसळा, आणि खोळ गुलाबी साटीनची करा. अब्बांनी नायलॉनच्या कापसाला कधी हात लावला नव्हता. पण लेकीच्या सासरचं मागणं, ते नाही कसे म्हणणार. पुण्याहून तो आणवला. चकचकीत, पांढराशुभ्र, वासच नसलेला. अब्बांनी तो नाकाशी धरला आणि म्हणाले, ह्याला जमीन म्हाईत न्हाई.

शुक्रवार होता. सकाळपासून अब्बा दोन्ही कापूस मिसळून पिंजत होते आणि तो ढीग त्यांना जुमानत नव्हता. तातेला चिकटायचा, सोडवला की हाताला लागायचा, हातावरून झटकला की भिंतीवर जायचा. अब्बांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. रुसलेल्या कापसावरचा आमच्याकडचा उपाय ठरलेला होता: दाराला ओलं गोणपाट टांगायचं, जमिनीवर पाणी शिंपडायचं आणि वाट बघायची. संध्याकाळपर्यंत हवा बदलते, कापूस बसतो. त्यात एकच दंडक, हवा ओली करायची, कापूस नाही. ओल्या कापसाला हात लावायचा नाही, मग गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. पण त्या दिवशी वाट बघायला वेळ नव्हता. दुसऱ्याच दिवशी दौंडच्या बायका सामान बघायला येणार होत्या, खोळ शिवून तयार होती, आणि अब्बांना सर्दीने बेजार केलं होतं. गोणपाट टांगून ते वैतागूनच नमाजाला गेले. अम्मी आणि आपा चुलीपाशी होत्या.

ढिगाजवळ मी एकटीच होते. मला सगळं इतकं स्पष्ट दिसत होतं. दाराला टांगलेलं गोणपाट कुठे आणि कापूस कुठे. त्या ओलाव्याला इथवर पोचेपर्यंत संध्याकाळ होईल. पाणी सरळ कापसावरच दिलं तर? इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची फवाऱ्याची बाटली फळीवर होती. मी पहिला फवारा मारला आणि जे उभं होतं ते निजलं. तंतू एकमेकांवर अलगद टेकले. मी तळहात जवळ नेला, एकही तंतू झेपावला नाही. मला इतका आनंद झाला की मी ढीग हलवत, उलटत फवारे मारत राहिले. बाटली संपली, पुन्हा भरली. उन्हाच्या तिरिपीत ते बारीक थेंब तरंगत होते आणि मी त्यात उभी होते. कॉलेजातली वही आणि आमचं घर आयुष्यात पहिल्यांदा एका जागी आले होते. आपण काहीतरी फार मोठं केलंय असं मला वाटलं, आणि अब्बांना सांगायचंही ठरवलं होतं.

पण अब्बा आले ते इतके खूश झाले की माझं सांगणं राहिलंच. ढीग बसलेला बघून त्यांनी टोपी काढली, हात चोळले आणि अम्मीला हाक मारली, की बघ, समजावून सांगितलं की ऐकतो. मग खाली बसून त्यांनी कापूस मुठीत घेतला. थांबले. पुन्हा मुठीत घेतला.

"गार लागतोय गं," ते मला म्हणाले.

"थंडी आहे अब्बा," मी म्हणाले.

त्यांनी नाकाशी धरला, पण नाक बंद होतं. मग मान हलवली आणि कामाला लागले. सांगायची ती वेळ होती, अजून काही बिघडलं नव्हतं, कापूस उन्हात पसरला असता तर दोन तासांत सुकला असता. मी का बोलले नाही याची बरीच कारणं मी पुढे स्वतःला देऊन बघितली. खरं कारण एवढंच, की त्यांच्या चेहऱ्यावरची ती खुशी मला मोडवेना, आणि आपण चुकलो असू असं मला वाटतही नव्हतं. संध्याकाळपर्यंत रजई भरली गेली, अम्मीने आणि आपाने तिला टाके घातले, आणि धूळ बसू नये म्हणून अम्मीने बाजारातून आणलेल्या जाड, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घालून तोंड घट्ट शिवून टाकलं. दौंडच्या बायकांनी दुसऱ्या दिवशी ती पिशवीतूनच पाहिली आणि मान डोलावली.

लग्न तीन आठवड्यांनी झालं. आपा गेली तशी सकाळी कंगव्याची चटचट थांबली. शिरूर ते दौंड काही लांब नाही, पण आमच्या घरातून त्याआधी कुणी एवढंही लांब गेलं नव्हतं. मी वहीतला नियम लावून बघायचे, अंतर इतक्या पटीने वाढलं म्हणजे ओढ इतक्या पटीने कमी व्हायला हवी. ती होत नव्हती, आणि मला फिजिक्सचा थोडा रागच आला होता. मग एका दुपारी दौंडहून आपाचा चुलतदीर एसटीने आला. त्याच्या हातात ती गुलाबी रजई होती, चादरीत गुंडाळलेली. सासूबाईंचा निरोप त्याने खाली बघत सांगितला, की पिंजाऱ्याच्या घरची रजई आहे म्हणून तुम्हीच बघा काय ते. चादर सोडली तशी कोंदट, बुरशीचा वास सगळ्या दुकानात पसरला. साटीनवर करड्या ठिपक्यांची नक्षी उठली होती. अब्बांनी ती मांडीवर घेतली आणि तिच्यात नाक खुपसून बराच वेळ बसले. आता त्यांचं नाक उघडं होतं.

माझ्यावर ओरडायला हवं होतं कुणीतरी. कुणीच ओरडलं नाही. अब्बांनी पाहुण्याला चहा दिला, एसटीत बसवून दिलं, परत येऊन धनुकलीची दोरी सोडली आणि ती आडवी करून भिंतीला लावून ठेवली. अम्मीने विचारलं तर म्हणाले, हाताला कळलं व्हतं, गार हाय म्हणून, मीच थंडी समजलो, हाताचं ऐकलं न्हाई, आता हात सांगायचा बंद झाला. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाची गादी त्यांनी मशीनवाल्याकडे धाडली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याची. ते दुकानात बसायचे, तयार उशा विकायचे, खोळींच्या घड्या घालायचे. घरात इतकी शांतता झाली की चुलीवर रटरटणारी डाळ ऐकू यायची. मी रोज ठरवायचे, आज सांगू. त्यांच्यासमोर गेलं की मीही खोळींच्या घड्या घालायला लागायचे. थंडी समजलो असं ते म्हणत होते आणि तो शब्द मी त्यांच्या तोंडात घातला होता, हे त्यांना आठवतही नव्हतं. महिना असा गेला.

मग मी दौंडला आपाला भेटायला गेले. चौफुल्यावर एसटी बदलली, दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, आणि मी सगळा वेळ आपाला सासरी काय ऐकावं लागत असेल याचा विचार करत होते. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तिने मला चहा दिला. तिचे केस घट्ट वेणीत बांधलेले होते. सासूबाई बाहेर गेल्या तसं मी विचारलं, फार बोलतात का? ती म्हणाली, बोलत होत्या, मागच्या मंगळवारपासून बंद झालंय. मंगळवारी अब्बा येऊन गेले. घरी आम्हाला ते उशांचा माल बघायला जातो म्हणून सांगून गेले होते. आत यायला तयार होईनात, दारातच उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, चूक माझ्या हाताची हाय, पोरीला बोलू नका. चहासुद्धा घेतला नाही. एवढं सांगून आपा रडली नाही, मीच रडले, आणि त्या रडण्यातच तिला सगळं सांगून टाकलं. बाटली, फवारा, थंडी. तिने माझ्या हातातला कप काढून खाली ठेवला. यार्डातून एक इंजिन शिट्टी देत गेलं.

"मला कशाला सांगतीस," ती म्हणाली. "त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिरूरला पोचले ती सरळ दुकानात गेले. अब्बा एकटे होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, न थांबता, सुरुवातीपासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं सुटले. पण ते म्हणाले, "माझ्यासाठी खोटं बोलू नगंस पोरी. म्हातारा झालो हाय, एवढंच." मी शपथ घेतली तर ते हसले. आपाने शिकवून पाठवलं का, असं विचारलं. पिंजाऱ्याच्या पोटची पोर कापसावर पाणी टाकील हे त्यांच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. महिनाभर मी ज्याला घाबरत होते ते सांगून झालं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. ते माझ्यावर इतका विश्वास ठेवून होते की माझं खरं त्यांना खोटं वाटत होतं.

मग मी आत जाऊन उरलेला नायलॉनचा कापूस आणला, थोडा साधा कापूस आणला, दोन्ही मिसळून माझ्या ओढणीत घेऊन घासले. हवा कोरडीच होती. तंतू ताठ उभे राहिले आणि मी हात पुढे केला तसे झेपावून अब्बांच्या दाढीला लागले. ते काढू नका, म्हटलं, बघा. फवाऱ्याची बाटली उचलली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मारत गेले, एक, दोन, दहा. कापूस निजला. तो गार पुंजका मी त्यांच्या मुठीत दिला आणि त्यांची बोटं वरून मिटली. म्हटलं, अब्बा, हेच होतं का त्या दिवशी?

त्यांनी मूठ दाबली. सोडली. पुन्हा दाबली. डोळे मिटून घेतले. मला आधी वाटलं ते रडतायत.

"हेच," ते म्हणाले. "हेच व्हतं. मी इचारलं तुला."

"हो."

"आन् तू म्हणलीस थंडी हाय."

"हो अब्बा."

आणि मग ते ओरडले. पन्नाशी ओलांडली माझी, पुढे पंचवीस वर्षं मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं, वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण तशी बोलणी पुन्हा कधी खाल्ली नाहीत. अम्मी भाकरी टाकून बाहेर आली, शेजारचा शिंपी उठून दारात आला. अकलेचा कांदा म्हणाले, कॉलेज बंद म्हणाले, माझ्या सात पिढ्यांत कुणी ओल्या कापसाला हात लावला न्हाई आन् तू पाणी टाकलंस. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आतून मला इतकं हलकं वाटत होतं की मी त्यांना थांबवलं नाही, माफीसुद्धा मागितली नाही, नुसती ऐकत उभी राहिले. बोलता बोलताच ते उठले, ट्रंकेवरची ती रजई खाली ओढली आणि माझ्या पुढ्यात टाकली.

"उसव," ते म्हणाले. "सगळे टाके. तुझ्या हातानं. मला उद्या हा कापूस उन्हात पायजे, परवा पिंजायचा हाय."

मी कात्री घेऊन बसले. साटीनची शिवण बारीक होती, एकेक टाका सुटायला वेळ लागत होता. अब्बा समोर बसून होते आणि बोलतच होते.